दरखास्तीतला पाचवा रकाना

निकाल बँकेच्या बाजूने लागला, पैसे जायला लागले, की कोर्टाचं प्रकरण मिटलं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. आमच्या बाबतीत खरी कटकट तिथून पुढे सुरू झाली. वसुली एजन्सीने आमच्याकडून घेतलेले पैसे हुकूमनाम्यापोटी, म्हणजे निकालात कोर्टाने ठरवून दिलेल्या देण्यापोटी, पूर्ण जमाच झाले नव्हते, आणि ते जमा करून घेण्यासाठी मला दापोलीच्या कोर्टात बँकेसमोर उभं राहावं लागलं. त्यात जे कळलं ते लिहिते आहे, कारण निसर्ग वादळानंतर थकलेली कर्जं आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, आणि अशा पावत्या ट्रंकेत जपून ठेवलेली घरंही पुष्कळ आहेत.

कर्ज 2018 चं. हर्णैपासून जवळच्या एका वाडीत आमचं घर, मागे सासऱ्यांचं पोफळी-माडांचं आगर. घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या, त्यासाठी मी आणि यजमानांनी मिळून चार लाख घेतले. मी सहकर्जदार. दोन हंगाम चांगले गेले. मग कोरोनाची टाळेबंदी आणि त्यातच 3 जून 2020 चं निसर्ग वादळ. खोल्यांवरचे पत्रे पाणंदीपलीकडे जाऊन पडले, पोफळी कमरेत मोडल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे आगराचं उत्पन्न त्या दिवशीच संपलं. हप्ते थकले. बँकेने जुलै 2022 मध्ये दावा लावला. पैसे देणं होतंच, ते आम्ही कोर्टात नाकारलं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये हुकूमनामा झाला.

हुकूमनाम्यातले आकडे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एकूण 3,86,000 रुपये. त्यातलं मुद्दल 3,20,000, बाकीचं दाव्यापर्यंतचं व्याज. दावा दाखल झाल्यापासून रक्कम फिटेपर्यंत मुद्दलावर सरळ 9 टक्के, म्हणजे महिन्याला 2,400. आणि दाव्याचा खर्च 14,600. बस्स. दंडव्याज नाही, चक्रवाढ नाही, वसुली खर्च नाही. निकाल मराठीत होता, शेवटच्या पानावर ‘आदेश’ म्हणून चार ओळी, त्यात एवढंच.

महिन्याभरात बँकेतून फोन आला की वसुलीचं काम एजन्सीकडे दिलंय, माणूस येईल, त्याच्याकडे भरा. तो आला तेव्हा मी त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागून घेतलं आणि ओटीवरच मोबाइलवर फोटो काढून ठेवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ही दोन्ही कागदं वसुलीवाल्याजवळ असावीच लागतात, आणि तो जे करेल त्याला बँकच जबाबदार राहते. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला. एप्रिल 2023 पासून जमेल त्या महिन्याला पंधरा हजार द्यायला लागलो. पावसाळ्यात पाहुणे नसतात, तेव्हा एखादा महिना कोरडा जायचा. कधी रोख, कधी यूपीआयने एजन्सीच्या खात्यात. पावती घेतल्याशिवाय त्याला ओटीवरून उठू दिलं नाही. बँकेचं नाव छापलेली, अनुक्रमांक असलेली पावती. ऑगस्ट 2024 पर्यंत अशा 2,10,000 रुपयांच्या पावत्या माझ्याकडे होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी त्याने आणखी पंधरा हजार नेले.

नोव्हेंबरमध्ये दारात बेलिफ, म्हणजे कोर्टाचा जप्ती करणारा माणूस, उभा राहिला. जंगम जप्तीचं, म्हणजे घरातलं सामानसुमान जप्त करायचं, वॉरंट. बँकेने सप्टेंबरमध्येच दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून पैसे वसूल करून द्या असा कोर्टाकडे अर्ज, लावली होती. हुकूमनाम्याला दोन वर्षं व्हायच्या आत दरखास्त लावली तर आधी नोटीस द्यावी लागत नाही, त्यामुळे आम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. एजन्सीचा माणूस मात्र ऑक्टोबरचे पैसे घेताना एक शब्द बोलला नव्हता. आपल्या नावे दरखास्त चालू असताना आपल्याच ओटीवर बसून चहा पिऊन पैसे घेऊन जातात, याचा मला आजही संताप आहे.

वॉरंटवर रक्कम होती 3,73,000. मी पावत्यांचा गठ्ठा बेलिफासमोर धरला. तो भला माणूस. म्हणाला, “वहिनी, ह्या मला दाखवून उपयोग नाही. कोर्टाने जो आकडा लिहून दिलाय तो मी घेऊन आलोय. ह्या कोर्टात दाखवा, आणि लवकर दाखवा.” त्याने पाहुण्यांच्या खोल्यांतल्या खाटा, फ्रीज, डीप फ्रीजर, टीव्ही यांची यादी केली. स्वयंपाकाची भांडी, आमची अंथरुणं-पांघरुणं, यजमानांची शेतीची अवजारं यांना हात लावला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे ती जप्त करता येत नाहीत. सामान त्याच दिवशी हलवलं नाही, यजमानांच्या ताब्यात ठेवून सही घेतली.

वकील कुठून आणायचा हा प्रश्न होता. शेजारच्या आशाताईंनी सांगितलं, तालुका विधी सेवा समितीत जा, बायकांना वकील फुकट मिळतो. ते खरं आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातच समितीचं कार्यालय, तिथे अर्ज केला, ओळखीचा पुरावा दिला आणि वकीलबाई मिळाल्या. वयाने माझ्याहून लहान, पण मला ताई म्हणत म्हणत त्यांनी जे समजावलं तसं कुणी आधी समजावलं नव्हतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी पावत्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, “ताई, यातली एक तरी कोर्टात नोंदवलीय का?” मग त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 21, नियम 2 वाचून दाखवला. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले, तर ते मिळाल्याचं हुकूमनामाधारकाने, म्हणजे बँकेने, कोर्टाला कळवायचं असतं. तिने नाही कळवलं तर देणाऱ्याने अर्ज करून नोंद करून घ्यायची. आणि अशी नोंद नसलेली रक्कम अंमलबजावणी करणारं कोर्ट विचारातच घेत नाही. देणाऱ्याने अर्ज करायची मुदत, मुदत कायद्याच्या अनुच्छेद 125 प्रमाणे, पैसे दिल्यापासून फक्त तीस दिवस.

तीस दिवस! हुकूमनामा होतो तेव्हा हे कुणी सांगत नाही. बँक सांगत नाही, एजन्सी सांगत नाही, पावतीवर छापलेलं नसतं. बेचाळीस कलमी कर्ज करारावर सह्या घेणाऱ्यांना ही एक ओळ पावतीच्या पाठीमागे छापायला काय हरकत आहे? नियमाचा हेतू मला पटतो, खोट्या पावत्या घेऊन कुणीही उठेल म्हणून तो आहे. पण महिन्याच्या महिन्याला बँकेच्याच माणसाकडे पैसे भरणाऱ्याला तो माहीत असण्याची काही सोय नाही, आणि त्याचा फायदा कोणाला होतो ते उघड आहे.

आमच्या हातात मुदतीतले फक्त ऑक्टोबरचे पंधरा हजार होते. त्यांचा नोंदणीचा अर्ज वकीलबाईंनी त्याच दिवशी लिहिला, पावती आणि यूपीआयचा तपशील जोडून. बाकीच्या 2,10,000 साठी त्यांनी दुसरी वाट धरली. नकलेच्या विभागातून आम्ही दरखास्तीची नक्कल काढली. दरखास्तीचा ठरलेला नमुना असतो, त्यात रकाने असतात, आणि पाचव्या रकान्यात हुकूमनाम्यानंतर काही रक्कम मिळाली असेल तर ती बँकेने स्वतः लिहायची असते. खाली बँकेच्या अधिकाऱ्याची सत्यापनाची सही. आमच्या दरखास्तीत पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘रु. 90,000 जमा’.

त्या आकड्याकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. 2,10,000 चे 90,000 कसे झाले?

वकीलबाईंनी कोर्टाकडे दोन गोष्टी मागितल्या. जप्तीला स्थगिती, आणि बँकेने खात्याचा पूर्ण उतारा हजर करावा असा आदेश. त्यांचा मुद्दा असा, की हुकूमनाम्याची फेड किती झाली हा वाद संहितेच्या कलम 47 प्रमाणे याच कोर्टाने ठरवायचा, त्यासाठी वेगळा दावा लागत नाही. आणि तीस दिवसांची मुदत देणाऱ्याच्या अर्जाला आहे. पैसे मिळाल्याचं कोर्टाला सांगायचं बँकेचं कर्तव्य मुदतीने संपत नाही. कोर्टाने 25,000 भरण्याच्या अटीवर स्थगिती दिली. यजमानांनी धाकट्या भावाकडून, तो विरारला असतो, पैसे मागवले, कोर्टात पैसे घेणाऱ्या नाझराकडे चलन भरलं, आणि रक्कम जमा केल्याची नोटीस बँकेला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. ही नोटीस महत्त्वाची आहे. कोर्टात भरलेल्या रकमेवरचं व्याज ती नोटीस पोचल्या तारखेपासून थांबतं, नुसतं चलन भरून थांबत नाही.

उतारा यायला तारखांवर तारखा पडल्या. बँकेचे वकील वेळ मागत, एकदा अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून, एकदा खातं दुसऱ्या शाखेकडे वर्ग झालं म्हणून. या काळात एजन्सीचे फोन रात्री नऊनंतर यायचे. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. मी प्रत्येक फोनचा स्क्रीनशॉट ठेवला आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. इथे वकीलबाईंनी एक बारकावा सांगितला: हिशेबाचा वाद कोर्टात चालू आहे, त्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार चालणार नाही, पण रात्रीचे फोन आणि दमदाटी हा वेगळा विषय आहे, तो हिशेबात मिसळू नका, वेगळ्या कागदावर लिहा. तसंच केलं. फोन थांबले.

शेवटी उतारा आला. बँकेच्या पुस्तकाची प्रमाणित नक्कल, 1891 च्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याच्या दाखल्यासह. घरी जमिनीवर पसरून मी एका बाजूला पावत्या लावल्या, एका बाजूला उताऱ्याच्या ओळी. जून 2023 ची पावती घ्या. पावती 15,000 ची, तारीख 5. उताऱ्यात तारीख 14 आणि जमा 12,750. मधले 2,250 म्हणजे बरोबर पंधरा टक्के. प्रत्येक पावतीला तसंच. एजन्सी आपली दलाली वरच्या वर कापून उरलेलं, तेही आठवड्याने, बँकेत भरत होती. 2,10,000 मधून 31,500 असे गेले. बँकेत पोचले 1,78,500. त्यापुढे बँकेच्या संगणकाने जुन्या कर्ज कराराप्रमाणे 88,500 ‘दंडव्याज व इतर शुल्क’ या नावाखाली वळते केले होते. उरले 90,000, ते पाचव्या रकान्यात. 31,500 आणि 88,500 मिळून 1,20,000. पेन घेऊन तीनदा बेरीज केली आणि मग यजमानांना हाक मारली.

पुढच्या तारखेला बँकेच्या वकिलांचं म्हणणं असं, की वसुलीचा खर्च कर्जदाराने सोसायचा असं करारातच आहे. आमच्या वकीलबाईंचं उत्तर फार लांब नव्हतं. करारावर दावा झाला, दाव्यावर हुकूमनामा झाला, आता करार त्या हुकूमनाम्यात विरला. अंमलबजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊ शकत नाही, त्यात घालू शकत नाही आणि त्यातून काढूही शकत नाही. जे आम्हाला कमी करून मिळणार नाही ते बँकेला वाढवूनही मिळणार नाही. हुकूमनाम्यात दंडव्याज असेल तर दाखवा, एजन्सीची दलाली असेल तर दाखवा. आणि पैसे ज्याच्या हातात दिले तो बँकेने अधिकारपत्र देऊन पाठवलेला माणूस होता, हा त्याचा फोटो. त्याच्या हातात दिले ती बँकेला मिळाल्याची तारीख.

एका गोष्टीत बँकेचं बरोबर होतं, ती सांगितली पाहिजे. आमचं म्हणणं होतं की दिलेले पैसे आधी मुद्दलात धरावेत. तसं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी गुरप्रीत सिंग विरुद्ध भारत सरकार या 2006 च्या निकालात क्रम सांगितला आहे: अपुरी रक्कम आली तर हुकूमनामाधारक ती आधी व्याजात, मग खर्चात आणि मग मुद्दलात धरू शकतो. म्हणून दाव्यापर्यंतचं 66,000 व्याज, नंतरचे महिन्याचे 2,400 आणि 14,600 खर्च आधी गेले, आणि उरलं ते मुद्दलातून वजा झालं. वाईट वाटलं, पण तो हिशेब तरी हुकूमनाम्यातला होता.

न्यायाधीश साहेबांनी बँकेला विचारलं, पावत्या नाकारता का? पावत्यांवर बँकेचं नाव, अनुक्रमांक, आणि बँकेच्याच उताऱ्यात त्या त्या महिन्यात जमा. नाकारणार कशा? पुढच्या तारखेला बँकेने पुरसिस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, दिली: 2,10,000 पावत्यांच्या तारखांप्रमाणे मिळाले, मान्य. ऑक्टोबरचे 15,000 मान्य. मग हुकूमनाम्याप्रमाणे नवं हिशेबपत्रक आलं. दरखास्तीच्या दिवशीची बाकी 3,73,000 ऐवजी अडीच लाखांच्या आसपास, आणि त्यातून ऑक्टोबरचे आणि कोर्टात भरलेले पैसे वजा. जप्तीचं वॉरंट रद्द झालं. एजन्सीने कापलेले पैसे बँकेने तिच्याकडून घ्यायचे की सोडायचे, तो त्यांच्यातला प्रश्न.

हुकूमनामा झाल्यावर हप्ते पाडून घ्यायचे तर दरखास्तदाराची, म्हणजे बँकेची, संमती लागते. हिशेब उघडा पडल्यावर बँकेने ती फारशी ताणली नाही. आता दर महिन्याला दहा हजार, पावसाळ्याचे दोन महिने सोडून. एजन्सीला आमच्या घरी पाठवायचं नाही हे बँकेने लेखी दिलं. पैसे मी बँकेमार्फत थेट कर्जखात्यात पाठवते, आणि सोबत एक पत्र देते. आदेश 21 च्याच नियम 1 मध्ये त्या पत्रात काय हवं ते लिहिलंच आहे: मूळ दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, दरखास्त चालू असेल तर तिचा नंबर, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि पैसे व्याजात, खर्चात की मुद्दलात धरायचे ते. पत्राची एक प्रत पोच घेऊन फाईलला, आणि तीस दिवसांच्या आत कोर्टात नोंदीचा अर्ज. वकीलबाईंनी अर्जाचा नमुना करून दिलाय, तारीख आणि रक्कम बदलली की झालं. दरखास्तीची पुढची तारीख मी मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकून बघते, कोणाच्या फोनची वाट बघत नाही.

सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा अजून आहे. पूर्ण फेड झाल्याची नोंद कोर्टात झाली आणि बँकेचा दाखला मिळाला की तलाठ्याकडे तो कमी करायला द्यायचा आहे.

मध्यंतरी हर्णै बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. ओळखीची एक ताई लिलावाच्या घोळक्यातून बाहेर आली, तिच्या नवऱ्यावर बोटीच्या इंजिनाच्या कर्जाचा हुकूमनामा झाला होता आणि वसुलीवाला रोखीने पैसे नेत होता. “पावत्या आहेत ना गो?” मी विचारलं. होत्या, पिशवीतच होत्या. सगळ्यात अलीकडची वर काढून तारीख बघितली. तीस दिवस भरायला अजून आठवडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तिला घेऊन दापोलीला गेले आणि त्या पावतीचा अर्ज दाखल झाला. तिच्या जुन्या पावत्यांसाठी दरखास्तीची नक्कल मागवली आहे. पाचव्या रकान्यात काय निघतं ते कळेल.